संबंधित अनुभव : ० वर्षं ७ महिने

अप्रेझलच्या फॉर्मवर एकाखाली एक अशा दोन ओळी होत्या. एकूण अनुभव : ८ वर्षं २ महिने. संबंधित अनुभव : ० वर्षं ७ महिने. डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. लोअर परळच्या ऑफिसात, बाजार बंद झाल्यावर मी फॉर्म उघडला आणि दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले. पुण्यात एका बँकेच्या मॉडेल व्हॅलिडेशन टीममध्ये काढलेली साडेसात वर्षं त्या ओळीत कुठेच नव्हती. दुसऱ्यांनी बांधलेली मॉडेलं उलगडायची, त्यातली चूक शोधायची, ती लेखी मांडायची आणि मॉडेल बांधणाऱ्याशी भांडून ती मान्य करून घ्यायची, हे माझं काम होतं. ते पायथनमध्ये केलं होतं, म्हणून ते संबंधित नव्हतं.

नागपूरची मुलं मला विचारतात, "ताई, क्वांटमध्ये जायचंय. सी प्लस प्लस करू की रस्ट?" प्रत्येकाला फोनवर इतकं सगळं सांगणं होत नाही. शिवाय माझा राग अजून गेलेला नाही. तो एकदा नीट कागदावर उतरवावा, असंही मनात आहे.

सुरुवात एका रिक्रूटरच्या फोनने झाली. २०२२ ची दिवाळी नुकतीच झाली होती. "मॅडम, पायथन काय, आता सगळ्यांनाच येतं. बारावीतली पोरं लिहितात. तुमच्या प्रोफाइलला सी प्लस प्लसची जोड मिळाली ना, तर उद्या तुम्हाला फ्रंट ऑफिसला बसवतो." बसवतो, हाच शब्द. मग दर पंधरा दिवसांनी त्याचा फोन. माझी बढती तेव्हा दोन वर्षं अडकली होती आणि ते त्याने पहिल्याच फोनमध्ये माझ्याकडून काढून घेतलं होतं. पुढचं सगळं बोलणं त्या एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवून झालं.

तो अगदीच खोटं बोलत नव्हता, म्हणून मी फसले. एक्स्चेंजच्या आवारातच सर्व्हर ठेवून ऑर्डर टाकणाऱ्या कंपन्यांत मायक्रोसेकंदांचा हिशोब असतो, आणि तिथे बहुतेक ठिकाणी सी प्लस प्लसशिवाय पान हलत नाही. पायथन त्या वेगाला पुरत नाही, हे खरंच आहे. पण त्या कंपन्यांत स्ट्रॅटेजी ठरवणारी खुर्ची बहुतेकदा वेगळी असते आणि ती कोडमध्ये उतरवणारी वेगळी. सी प्लस प्लस ही दुसऱ्या खुर्चीची अट आहे. हे त्याने सांगितलं नाही, आणि विचारायचं मला सुचलं नाही.

मार्च २०२३ मध्ये राजीनामा देऊन मी नागपूरला, प्रतापनगरच्या घरी परत आले. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात तीस वर्षं फिटर होते. मी जाडजूड पुस्तकं टेबलावर मांडत असताना ते दारात उभे राहिले. "हातचं काम सोडून शिकाले कायले आली वो? नवा पाना घेतल्यानं फिटर नवा होते का?" मी त्यांना म्हटलं, "बाबा, आता काळ बदलला आहे." आज ते वाक्य मला परत घ्यावंसं वाटतं. नोकरी सोडून भाषा शिकू नका. शिकायची असेल तर पगार चालू असताना, स्वतःच्याच कामातला एखादा तुकडा हातात घेऊन शिका. रिझ्युमेतल्या एका वर्षाच्या खंडाने माझं किती नुकसान झालं, ते पगाराची बोलणी करताना कळलं. समोरच्याने आकडा सांगण्याआधी त्या खंडाचाच उल्लेख केला.

त्या वर्षी एका ऑनलाइन क्लासलाही मी पैसे भरले. दोन लाख पस्तीस हजार. जाहिरातीत 'शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य' असं होतं. मी त्यातला 'शंभर टक्के' वाचला आणि 'साहाय्य' वाचायचं राहिलं. साहाय्य म्हणजे रिझ्युमे नीटनेटका करून देणं आणि नोकऱ्यांच्या जाहिरातींच्या लिंका पाठवणं. पैसे परत मागितले तेव्हा करारातला तोच शब्द मला वाचून दाखवला. त्या क्लासमध्ये जे शिकवलं ते सी प्लस प्लस बांधणाऱ्या ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुपच्या पुस्तकात आणि फुकट मिळणाऱ्या व्याख्यानांत आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात, कूलर चालू ठेवून, दुपारी दार लावून बसलात तर तीन महिन्यांत भाषेचा पाया होतो. पैसे द्यायचेच असतील तर तुमचा कोड ओळ न् ओळ तपासून चुका दाखवणाऱ्या माणसाला द्या.

भाषेवर मात्र माझा राग नाही. सी प्लस प्लसने मला खूप शिकवलं. १९७९ मध्ये स्ट्राउस्ट्रुपने बेल लॅब्जमध्ये ती बांधायला घेतली, तेव्हापासून तिचा बाणा एकच : जे वापरणार नाही त्याची किंमत मोजायला लागू नये. पायथन पदोपदी तुम्हाला सांभाळून घेतो, ही भाषा तसं करत नाही. पायथनमधून येणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात काही गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. सातला दोनने भागलं तर पायथन साडेतीन देतो. इथे दोन्ही पूर्णांक असतील तर तीन येतात आणि अर्धा कुठे गेला हे कोणी सांगत नाही. उणे सातला तीनने भागून बाकी काढली तर पायथनमध्ये दोन येते, इथे उणे एक. नफा-तोट्याच्या आकड्यांत उणे चिन्ह रोजच येतं, त्यामुळे हा फरक पुस्तकी समजू नका. आणि तिसरी गोष्ट, जी मला महाग पडली : पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, सी प्लस प्लसचा नेहमीचा इंट २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे जात नाही.

मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका छोट्या प्रॉप ट्रेडिंग कंपनीत मला नोकरी लागली. पाच फेऱ्या झाल्या. व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर, मूव्ह सिमँटिक्स, कॅश लाइन किती बाइटची, दोन थ्रेड एकाच कॅश लाइनवर लिहू लागले तर काय होतं. माझी सगळी उत्तरं बरोबर आली आणि मी खूश झाले. ऑप्शनच्या किमतीवर एक प्रश्न नाही. संभाव्यतेवर एक नाही. साडेसात वर्षांत मी कोणती मॉडेलं पाडली, कोणती पास केली आणि का, हे कोणी विचारलंही नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. मुलाखतीत जे विचारतात तेच काम पुढे देतात. ऑफर लेटरवर 'क्वांट डेव्हलपर' असं पद होतं. मी पहिल्या शब्दावर भाळले, कंपनीने दुसऱ्या शब्दासाठी घेतलं.

जुलैमध्ये माझ्याकडून एक चूक झाली. ती मी लपवली नाही आणि इथेही लपवणार नाही. ऑर्डर बाजारात जाण्याआधी तिची किंमत ठरलेल्या मर्यादेत आहे का, हे तपासणारा तुकडा माझ्याकडे होता. भाव पैशांत पूर्णांक म्हणून ठेवायचा, म्हणजे दशांशाची गडबड नको, ही पद्धत चांगली आहे आणि सगळीकडे चालते. निफ्टी तेव्हा चोवीस हजारांवर होता, म्हणजे २४ लाख पैसे. एका ऑर्डरमध्ये जास्तीत जास्त १८०० नग, म्हणजे तेव्हाच्या २५ च्या लॉटने ७२ लॉट. गुणाकार ४३२ कोटी पैसे, रुपयांत ४ कोटी ३२ लाख. गुणाकार मी इंटमध्ये केला. ४३२ कोटी त्यात मावत नाहीत. आकडा वळसा घेऊन अडीच कोटी पैशांवर आला, म्हणजे अडीच लाख रुपये. सव्वाचार कोटींची ऑर्डर अडीच लाखांची दिसली आणि मर्यादेतून सहज सुटली. सिम्युलेशनमध्ये ते पकडलं गेलं. पकडलं मीच, कारण मर्यादेच्या दोन्ही बाजूंचे आकडे मुद्दाम घालून बघायची मला जुनी सवय आहे. बाजारात एक रुपया गेला नाही. त्याच संध्याकाळी सगळीकडे ६४ बिटांचा प्रकार लावला, बेरीज-गुणाकार हाताबाहेर गेला की ओरडणारा कंपायलरचा सॅनिटायझर टेस्टमध्ये कायमचा चालू केला आणि टीमला मेल लिहिला : चूक काय होती, कशी सापडली, काय बदललं. काही महिन्यांनी तोच मेल माझ्याविरुद्ध वापरला जाईल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं. तरीही चूक सापडली की कळवाच, असंच मी सांगेन.

आता मुख्य गोष्ट.

सप्टेंबरमध्ये शेअरांवरची एक स्ट्रॅटेजी माझ्याकडे सी प्लस प्लसमध्ये उतरवायला आली. ती बांधणारा मुलगा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. ज्युपिटर नोटबुकमध्ये फक्त पायथन लिहायचा. मी जी भाषा सोडून आले होते तीच भाषा लिहिणारा माणूस सोमवारी सकाळी आठ वाजता काचेच्या खोलीत स्ट्रॅटेजीच्या मीटिंगला बसायचा, आणि मी बाहेर. जुन्या डेटावर घेतलेल्या त्याच्या बॅकटेस्टमधला नफ्याचा आलेख जिन्यासारखा वर चढत होता. व्हॅलिडेशन केलेल्या माणसाला असा आलेख दिसला की पोटात कालवतं.

उतरवायला बसल्यावर तासाभरात दिसलं. त्या दिवसाच्या बंद भावावरून तो निर्णय घेत होता आणि त्याच बंद भावाला सौदा झाला असं धरत होता. एनएसईवर तेव्हा शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची नगांच्या प्रमाणात काढलेली सरासरी असायची. साडेतीन वाजल्याशिवाय तो आकडा अस्तित्वातच येत नसे, आणि आला तेव्हा बाजार बंद झालेला असायचा. पायथनच्या टेबलात मात्र तो दिवसाच्या ओळीत शेजारीच बसलेला असतो, उचलला की झालं. सी प्लस प्लसमध्ये मी खऱ्या वेळेवर चालणारा कोड लिहीत होते. ३ वाजून २० मिनिटांनी त्या जागी मी कोणता आकडा घालू? घालण्यासारखा आकडाच नव्हता.

मी १२ सप्टेंबरला मेल लिहिला. अर्धं पान, सोबत दोन उदाहरणं. डेस्क हेडचं उत्तर दहा मिनिटांत आलं, म्हणजे वाचलं नव्हतं. स्ट्रॅटेजी रिसर्चने पास केली आहे, तू जशीच्या तशी उतरव, बंद भावाच्या जागी शेवटच्या सौद्याचा भाव घे. मी त्यांच्या टेबलाशी गेले. ते शांतपणे, अगदी सौजन्याने म्हणाले, "तू आता टेक्नॉलॉजीच्या बाजूला आहेस. हे बघायला आमच्याकडे माणसं आहेत." ते ओरडले असते तर मला कमी लागलं असतं.

ऑक्टोबरमध्ये स्ट्रॅटेजी छोट्या रकमेने सुरू केली. तोटा. दुसऱ्या आठवड्यातही तोटा. आणि मग जो निष्कर्ष काढला गेला तो मी जन्मभर विसरणार नाही : पायथनमध्ये नफा, सी प्लस प्लसमध्ये तोटा, म्हणजे उतरवताना चूक झाली. तीन आठवडे दोन माणसं माझा कोड खालीवर करत होती. जुलैचा माझाच मेल काढून 'याआधीही झालं आहे' असं म्हटलं गेलं. त्यांना काही सापडलं नाही. शेवटी एका शनिवारी मी त्या मुलाचीच नोटबुक उघडली. शिफ्टची एक ओळ घातली, जेणेकरून निर्णय आदल्या दिवसाच्या बंद भावावर होईल, आणि पुन्हा चालवली. सगळा नफा गेला. आलेख आडवा झाला. त्याच्याच भाषेत, त्याच्याच डेटावर, एका ओळीत. दोन्ही आलेख आणि १२ सप्टेंबरचा मेल एकत्र जोडून सोमवारी सकाळी पाठवले.

उत्तर आलं : "नोटेड." स्ट्रॅटेजी गुपचूप बंद झाली. माझी माफी कोणी मागितली नाही आणि तीन आठवड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. डिसेंबरच्या फॉर्मवर 'कोडची अचूकता' या रकान्यात 'सुधारणेला वाव' असा शेरा होता आणि त्याच्या वर त्या दोन ओळी. ती चूक मला दिसली कशामुळे? सात महिन्यांच्या सी प्लस प्लसमुळे? ज्या साडेसात वर्षांमुळे दिसली त्यांच्यापुढे कंपनीने शून्य लिहिलं होतं.

त्याच सुमारास सेबीचे नवे नियम आले. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवता येणार होती. एनएसईने निफ्टी ठेवला, आणि बँक निफ्टीची शेवटची साप्ताहिक एक्स्पायरी १३ नोव्हेंबरला झाली. त्या साप्ताहिक एक्स्पायरीसाठी लिहिलेला माझा चार महिन्यांचा कोड दुसऱ्या दिवशी निरुपयोगी झाला. खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा आधी आमच्या बाजूच्या खुर्च्या मोजल्या गेल्या. मी फेब्रुवारीत स्वतःहून राजीनामा दिला.

म्हणून ज्यांना जायचंच आहे त्यांना सांगते. मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतात तेव्हा विचारा : या पदावरचा माणूस स्ट्रॅटेजीच्या मीटिंगला बसतो का? त्याचा बोनस डेस्कच्या नफ्यातून येतो की ठरलेला असतो? बॅकटेस्टमध्ये त्याला चूक दिसली तर ती कोणाकडे जाते? गेल्या वर्षभरात अशा चुकीमुळे एखादी स्ट्रॅटेजी थांबली का? चौथ्या प्रश्नाला समोरचा गडबडला तर समजून जा. आणि आधीचा अनुभव किती धरला आहे, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. तोंडी सगळेच 'धरतो' म्हणतात.

भाषांच्या मागे धावणाऱ्यांनी थोडा इतिहासही वाचावा. पांडाज ही पायथनची लायब्ररी आज जो तो वापरतो. वेस मॅकिनीने ती २००८ मध्ये एक्यूआर या गुंतवणूक कंपनीत काम करताना, रोजचं काम नीट होईना म्हणून लिहायला घेतली. कामातून हत्यार निघालं. जेन स्ट्रीट ही ट्रेडिंग कंपनी जवळपास सगळा कारभार ओकॅमल भाषेत चालवते, पण नोकरीला येणाऱ्याला ओकॅमल यावंच अशी तिची अट नाही, ते लोक स्वतः शिकवतात. गोल्डमन सॅक्सची स्लँग नावाची घरची भाषा आहे. ती कितीही चांगली आली तरी दाराबाहेर तिचा उपयोग नाही. आणि आपले नरेंद्र करमरकर. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगची जी पद्धत मांडली, तिच्यातून निघालेल्या पद्धती आजही पोर्टफोलिओ बांधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात चालतात. त्या वेळच्या कितीतरी भाषा आज कोणी शिकत नाही, पद्धत मात्र टिकली. गणित पक्कं करा, संख्याशास्त्र पक्कं करा. हे सगळेच सांगतात, मीही सांगते. सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेवा.

गेल्या मेपासून मी नागपुरातूनच काम करते, एका विमा कंपनीच्या जोखीम मोजणाऱ्या टीमसाठी. तिथे दोन्ही भाषा लागतात आणि दोन्हींचा मान राहतो. मॉडेल पायथनमध्येच ठेवलं आहे. एक मॉन्टे कार्लो चाळीस मिनिटं खायचं. आधी प्रोफायलर लावला. बहुतेक सगळा वेळ एका साध्या लूपमध्ये जात होता. ते लूप नमपायमध्ये मांडल्यावर काम सहा मिनिटांवर आलं, आणि सी प्लस प्लसला अजून हातही लावलेला नव्हता. नमपायच्या पोटात सी आहेच. मग उरलेलं एकच फंक्शन सी प्लस प्लसमध्ये लिहून पायबाइंडने पायथनला जोडलं, तेव्हा दीड मिनिट. दोन्हींची उत्तरं हजार वेगवेगळ्या आकड्यांवर जुळवून बघितली, मगच जुनं काढलं. हे मला पुण्याच्या खुर्चीत बसून, पगार घेत, २०२२ मध्येच करता आलं असतं. तेव्हाही माझ्याकडे चाळीस मिनिटांची मॉडेलं होती.

रिक्रूटरचा जूनमध्ये पुन्हा फोन आला. "मॅडम, आता रस्टला फार डिमांड आहे." मी वरचे चारही प्रश्न त्याला विचारले. "विचारून कळवतो" म्हणाला. अजून कळवलेलं नाही.

एक पैशांचं राहिलं. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर एका वर्षाच्या आत सोडल्यावर तो परत द्यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण माझ्या हातात तो कर कापून आला होता आणि परत मागितला पूर्ण, कर न कापता. जी रक्कम माझ्या खात्यात आलीच नव्हती तीही मी स्वतःच्या बचतीतून भरली, आणि त्या कराच्या मागे अजून धरमपेठेतल्या सीएकडे खेपा चालू आहेत. सही करण्याआधी त्या कलमात 'प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम' एवढे शब्द घालून मागा. एचआर नाही म्हणाली तर बोनस नको म्हणा आणि तेवढाच आकडा पगारात मागा.